बेसबॉलचा नाद लावून घ्यायची योग्य पद्धत

बे एरियात नवीन आलेली मंडळी अधूनमधून विचारतात की हे बेसबॉल नक्की काय प्रकरण असतं, एकदा स्टेडियमवर जाऊन बघावं का. जरूर बघा. पण बघायचंच असेल तर पुढचं निदान दशकभर पद्धतशीर वाटोळं होईल असं बघा. माझा पंधरा वर्षांचा अनुभव आहे, सल्ला फुकट आहे, घ्या.

पहिली गोष्ट टीम. सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्सच्या वाटेला अजिबात जाऊ नका. त्यांचं मैदान पाण्याला लागून, होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेर मारलेला बॉल, पाण्यात पडतो, तो उचलायला लोक छोट्या होड्या घेऊन तरंगत बसलेले असतात, वर २०१०, २०१२, २०१४ अशा तीन वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची अजिंक्यपदं. एवढ्या सुखात माणूस शिकणार काय? मी खाडीच्या अलीकडचे ओकलंड अ‍ॅथलेटिक्स घेतले, म्हणजे आमचे ए'ज. त्यांचं मैदान होतं कोलिझियम, १९६६ सालचं काँक्रीटचं वाडगं. त्यातून पूर्वी म्हणे मागचे डोंगर दिसायचे, पण नव्वदीत अमेरिकन फुटबॉलवाल्यांची सोय म्हणून आउटफिल्डच्या मागे असा एक अजस्र स्टँड उभा केला की डोंगर गेले आणि बेसबॉलला त्यातल्या खुर्च्यांवर ताडपत्री आली. जून २०१३ मध्ये ड्रेनेज तुंबून घाण ड्रेसिंग रूममध्ये शिरली, तर दोन्ही टीमच्या खेळाडूंनी वरच्या मजल्यावर फुटबॉलच्या लॉकर रूममध्ये एकत्र अंघोळी उरकल्या. २०२३ ला पाहुण्यांच्या कॉमेंट्री बॉक्समध्ये पॉसम नावाचा एक प्राणी मुक्कामाला होता. असं घर असलं की लळा लागतोच, चाळीत वाढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

जाताना ग्लव्ह न्या. इथे बॉल प्रेक्षकांत आला की ज्याचा त्याचा, आपल्यासारखा परत मैदानात फेकायचा नसतो. फक्त एक बारीकशी गोष्ट, कोलिझियममध्ये फाउल टेरिटरी, म्हणजे रेषेबाहेरची मोकळी जागा, अख्ख्या मेजर लीगमध्ये सगळ्यात मोठी होती, म्हणजे जो बॉल दुसऱ्या गावात थेट तुमच्या मांडीवर पडला असता तो इथे फिल्डर आरामात चालत जाऊन झेलायचा आणि तुमचा बॅटर आउट. पंधरा वर्षं ग्लव्ह नेला. एकदा बॉल आला तो शेजाऱ्याच्या नाचोजमध्ये पडला, मला चीज मिळालं.

स्कोअरकार्ड मात्र पेन्सिलनंच भरा. प्रत्येक फिल्डरच्या जागेला नंबर असतो, शॉर्टस्टॉपचा ६, सेकंड बेसवाला ४, फर्स्ट बेसवाला ३, म्हणजे ६-४-३ लिहिलं की एका बॉलवर दोन माणसं घरी गेली. स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बॅटर बाद, झाला की के, आणि बॅटर नुसता बघत उभा राहून आउट झाला तर के उलटा काढायचा. ही एवढी एक खूण शिकलात की ऑफिसातल्या कितीतरी मीटिंगा तुम्हाला एका अक्षरात लिहिता येतील. २०२३ पासून पिचरच्या, म्हणजे बॉल टाकणाऱ्याच्या, डोक्यावर घड्याळ लावलंय, त्यामुळे तीन तासांची मॅच दोन तास चाळीस मिनिटांवर आली. बायको म्हणाली, चला, वीस मिनिटं तरी वाचली. वर्षाला घरच्या ८१ मॅचेस असतात, तिने गुणाकार केला नाही हे माझं नशीब.

कधी जायचं हे विचारू नका, कारण ते कळत नाही. ९ मे २०१० च्या रविवारी माझ्याकडे तिकीट होतं, पण मिलपिटसला एका मित्राच्या मुलीचं बारसं होतं आणि मी शहाण्यासारखा बारशाला गेलो. त्या दुपारी डॅलस ब्रेडननं परफेक्ट गेम टाकला, २७ आले, २७ गेले, एकही बेसवर पोचला नाही, बेसबॉलच्या इतिहासातला फक्त १९ वा. स्टेडियमवर १२,२२८ लोक. ती मुलगी आता हायस्कूलला आहे, गोड आहे, तिचा यात काही दोष नाही हे मी स्वतःला सांगत असतो.

याउलट २०१२ ला मी गेलो. जूनच्या शेवटी आम्ही गुणतक्त्यात टेक्सासच्या १३ गेम मागे होतो, आणि ३ ऑक्टोबरला, सीझनच्या शेवटच्या दिवशी, त्याच टेक्सासला १२-५ हरवून डिव्हिजन, म्हणजे आमच्या गटातली पहिली जागा, घेतली. त्यांच्या जॉश हॅमिल्टनच्या हातातून एक साधा कॅच सुटला आणि माझ्या पुढच्या रांगेतल्या दाढीवाल्या अनोळखी बाप्यानं मागे वळून मला उचललं, अक्षरशः उचललं, माझं वजन बघता हे सोपं नाही. आठच दिवसांनी प्लेऑफची पाचवी, निर्णायक गेम, डेट्रॉइटचा पिचर व्हरलँडर आला, ६-० संपवलं. ते लोक मैदानात नाचत होते आणि आमचे लोक उभे राहून लेट्स गो ओकलंड ओरडत होते, हरल्यावर, निघायचं नाव नाही. मला वाटलं याच्या पुढे काय वाईट होणार. पुढच्या वर्षी परत पाचवी गेम, परत व्हरलँडर, ३-०. २०१४ ला कॅन्सस सिटीत आठव्या इनिंगला ७-३ पुढे होतो आणि बाराव्या इनिंगमध्ये ९-८ हरलो. सांगायचं काय, तर जिंकणारच आता असं वाटलं की उठून पार्किंगला जा.

पाठीवर खेळाडूचं नाव असलेली जर्सी तर घ्याच. डोनाल्डसनची घेतलीत तर तो २०१४ च्या नोव्हेंबरात टोरंटोला जाईल आणि तिथे पुढच्याच वर्षी एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, होईल. ऑल्सन आणि चॅपमन मार्च २०२२ मध्ये एकाच आठवड्यात गेले, ऑल्सननं पुढे अटलांटाला एका सीझनमध्ये ५४ होमरन मारले. सीमियन टेक्सासकडून वर्ल्ड सिरीज जिंकला. माझं कपाट म्हणजे दुसऱ्या टीमांना आम्ही काय काय आंदण दिलं त्याची यादी आहे.

आणि आईला शक्यतो नेऊ नका. माझी आई साताऱ्याहून आली होती तेव्हा नेलं, १३ जून २०२३, मंगळवार. टीम वेगासला न्यायचं ठरत होतं, लोक चिडून येईनासे झाले होते, तर फॅन्सनी ठरवलं की एक दिवस उलटा बहिष्कार, सगळ्यांनी यायचं. पार्किंगमध्ये हिरवे टीशर्ट फुकट वाटत होते, छातीवर एकच इंग्रजी शब्द, सेल, म्हणजे विका. आईनं तो स्वेटरवरून घातला, वर कानटोपी, कारण ओकलंडला जूनमध्येही रात्री हुडहुडी भरते. डब्यातल्या दशम्या तिनं शेजारच्या ढोलवाल्याला पण दिल्या. पाचव्या इनिंगला ठरल्याप्रमाणे सगळे एकदम गप्प झाले आणि मग जो ओरडा सुरू झाला की पायाखालचं काँक्रीट हललं.

"काय विकायला सांगतायत रे?"

"टीम."

"कोणाला?"

"कोणालाही, पण गावात ठेवेल त्याला."

"मग तुम्हीच काढा की वर्गणी. एवढी माणसं आहेत."

मी सांगितलं, आई, अब्ज डॉलरच्या वरचा मामला आहे, मालकाची आहे ती. तिनं दशमीचा तुकडा मोडला, थोडा वेळ मैदानाकडे बघितलं आणि म्हणाली, "मग गावाचं नाव कशाला लावलंय?"

असा प्रश्न आला की गार्लिक फ्राइज आणायला उठायचं. मी उठलो. रांग मोठी होती ते बरंच झालं.

त्या रात्री २७,७५९ लोक होते आणि आम्ही २-१ जिंकलो, ओळीनं सातवी मॅच, आणि नंतर त्याच सीझनला एकूण ११२ हरलो. त्याच आठवड्यात नेवाडानं नव्या स्टेडियमसाठी ३८० मिलियन डॉलरपर्यंत सरकारी पैसे मंजूर केले. लीगचे कमिशनरसाहेब म्हणाले की छान झालं, एका रात्रीपुरती का होईना, जवळजवळ सरासरी गर्दी जमली. कौतुक कसं करावं हे यांच्याकडून शिका.

रडताना मात्र थोडा इतिहास लक्षात असू द्या. ही टीम मूळची फिलाडेल्फियाची, १९५५ ला कॅन्सस सिटीला गेली, आणि १९६८ ला तिथून उचलून आमच्याकडे आणली. तेव्हा कॅन्सस सिटीत कोणाची तरी आई काहीतरी विचारत असणारच. आम्हाला ५७ सीझन मिळाले. बास्केटबॉलचे वॉरियर्स २०१९ ला खाडीपलीकडे गेले, फुटबॉलचे रेडर्स २०२० ला वेगासला, त्यामुळे ओकलंडकरांना निरोपसमारंभाची चांगली प्रॅक्टिस होती.

२६ सप्टेंबर २०२४ ला शेवटची मॅच, ४६,८८९ लोक, टेक्सासविरुद्ध ३-२ जिंकलो. जिंकायची काय गरज होती कळत नाही, हरले असते तर सोडून येणं सोपं गेलं असतं. मॅनेजर कॉट्से माइक घेऊन मैदानात आला, आभार मानले आणि शेवटी त्यानंच लेट्स गो ओकलंड सुरू केलं. माझ्या कार्डावर शेवटची खूण ५-३, थर्ड बेसवरून फर्स्टला. पेन्सिलीचं टोक त्यातच मोडलं.

आता टीम सॅक्रामेंटोला एका मायनर लीगच्या मैदानात पाहुण्यासारखी राहते, वेगासचं घर तयार होईपर्यंत, आणि नावात कुठलंच गाव लावत नाही. आईच्या प्रश्नाची निदान कोणीतरी दखल घेतली.

शेवटचा सल्ला बार्टनं, म्हणजे इथल्या लोकलनं, जाणाऱ्यांसाठी. फ्रीमाँटहून गाडीत बसलात की कोलिझियम स्टेशन येतं, तेव्हा मोबाईलमध्ये बघायचं. मी तेच करतो. स्टेडियमच्या बाजूच्या खिडकीला तर बसतच नाही, म्हणजे बसतो, पण जागा तिथेच मोकळी असते म्हणून.