रेडर विकत भेटतो, साखळी कुठून आणसान?

पोस्ट मोठी होणार आहे. आज कापूस वेचायला बाया आल्या नाहीत, म्हणून वेळ आहे. ज्यांना नाही त्यांनी पुढं सरकावं.

परवा मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक विचार मांडला गेला. यंदा जानेवारीच्या कबड्डी सामन्यांना पूर्ण टीमच बाहेरून आणायची. सातच्या सात. चार नागपूरचे, दोन वर्ध्याचे, एक म्हणे भंडाऱ्याचा. जर्सीवर नाव तेवढं आपल्या गावाचं. मी खाली लिहिलं, "मग नाव तरी कायले आपलं, तेही भाड्यानं आणा." एकानं हसण्याचे बारा इमोजी टाकले. दुसऱ्यानं लिहिलं, "काका, तुम्ही जुन्या जमान्याचे. आता प्रोफेशनल जमाना आहे."

तर प्रोफेशनल जमान्याबद्दलच बोलू.

आधी एक कबुली. तीन वर्षांपूर्वी पाच बाहेरचे खेळाडू आणायचं ठरलं, तेव्हा हात वर करणाऱ्यांत मीही होतो. त्याआधी सलग दोन वर्षं आपण पहिल्याच फेरीत घरी आलो होतो आणि शेजारच्या गावाचे लोक पानठेल्यावर भेटले की विचारायचे, "यंदा जेवण तरी करून जासान ना?" ते सहन होत नव्हतं. पाच जण आणले. प्रत्येकी तीन हजार, गाडीचं डिझेल, दोन दिवस मटण. पहिलं बक्षीस आलं, ३१ हजार. रात्री दोनपर्यंत डीजे वाजला, मीही नाचलो, फोटो याच फेसबुकवर आहे. सकाळी हिशेब केला तर डीजे धरून मंडळाच्या अंगावर चार हजार. असो, पैशाचं दुःख नाही.

दुःख पुढच्या वर्षीचं आहे. त्या पाचांतले दोघं समोरच्या गावाच्या जर्सीत उभे. त्यांचा काही दोष नाही, त्यांना जो बोलावेल त्याच्याकडून ते खेळणार, त्यांचंही पोट आहे. पण आपला डावा कोपरा, म्हणजे पकडीच्या साखळीतला डावीकडचा शेवटचा गडी, रेडर (चढाई करणारा) बोनसचा जादा गुण घ्यायला आला की घाई करतो, हे त्यांना माहीत होतं. कुठून माहीत झालं? आपल्याच मैदानावर, आपलंच मटण खाऊन. उपांत्य सामन्यात त्या एका कोपऱ्यावर त्यांनी आपल्याला धुतलं.

आणि उजवा कोपरा? नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. ट्रॅक्टर चालवणाऱ्याचा पोरगा. घोटा पकडला की रेडरची सुटका नाही. ज्या वर्षी आपण जिंकलो, त्या वर्षी अंतिम सामन्यात तो पाण्याच्या बाटल्या देत होता. पुढच्या दिवाळीनंतर तो चाकणला कंपनीत गेला. बाटल्या द्याव्या लागल्या म्हणून गेला, असं मी म्हणणार नाही. गावात कामच नाही, तो कधी ना कधी गेलाच असता. पण जानेवारीत चार दिवस रजा टाकून तो आला असता. आता येत नाही. बोलावलंच नाही कोणी.

आता अमेरिकेचा विषय काढतो, हसू नका. माझा भाचा न्यू जर्सीत आहे. तिकडे ज्याला फुटबॉल म्हणतात त्यात पाय कमी, हात जास्त, आणि चेंडू पपईसारखा. भाचा फिलाडेल्फिया ईगल्सचा भक्त. फेब्रुवारी २०२५ मध्ये ईगल्सनं अंतिम सामन्यात कॅन्सस सिटीला ४०–२२ असं हरवलं, तेव्हा त्यानं व्हिडिओ कॉल करून मला अर्धा तास समजावलं. मला पहिल्यांदा काही कळलं नाही. नंतर मी स्वतः पाहत गेलो आणि चटक लागली.

तिकडची पद्धत अशी. ३२ संघ. दरवर्षी कॉलेजातून निघालेली पोरं हे संघ पाळीपाळीनं निवडतात, सात फेऱ्या. आदल्या वर्षी जो सगळ्यात खाली, त्याची पाळी सगळ्यात आधी. निवडलेला पोरगा पहिली चार वर्षं ठरलेल्या पगारावर, म्हणजे तिथल्या मानानं स्वस्तात बांधलेला. तो करार संपला की पोरगा मोकळा, ज्याची बोली मोठी त्याच्याकडे जाणार. हा मोकळा बाजार १९९३ पासून आहे. आणि १९९४ पासून सगळ्या संघांना खर्चाची सारखीच मर्यादा आहे. २०२४ ला ती साधारण साडेपंचवीस कोटी डॉलर होती. म्हणजे मालक कितीही गब्बर असला तरी त्याची थैली कागदावर बाकीच्यांएवढीच. आपल्या मंडळाची वर्गणी समजा.

याच ईगल्सनं २०११ साली बाजारात जाऊन मोठमोठी नावं उचलली होती. त्यातलाच एक नवा खेळाडू बोलून गेला, ही तर ड्रीम टीम आहे. सोळा सामने, आठ जिंकले, आठ हरले, बाद फेरीआधीच घरी. त्यांचेही पानठेले असतीलच, तिथं काय ऐकावं लागलं असेल ते देव जाणे.

आणि २०२४ ला त्यांनी पुन्हा एक मोठा खेळाडू विकत आणला, सॅक्वॉन बार्कली. न्यूयॉर्क जायंट्सनं त्याला २०१८ ला दुसऱ्या क्रमांकावर निवडलेलं, सहा वर्षं खेळवलेलं, आणि मग जाऊ दिलेलं. तो ईगल्सकडे आला आणि एका मोसमात चेंडू घेऊन २००५ यार्ड पळाला. म्हणजे ग्रुपवरच्या पोरांचं म्हणणं खरंच की, आणला आणि जिंकले!

थांबा. तो पळतो कसा ते पाहा. त्याच्या पुढं पाच धिप्पाड गडी असतात. ते समोरच्यांना रेटून फट पाडतात आणि त्या फटीतून हा निघतो. त्या पाचांतले चार ईगल्सनं स्वतः निवडलेले, स्वतः तयार केलेले. त्यातला जॉर्डन मायलाटा हा तर ऑस्ट्रेलियाचा रग्बीवाला, हा खेळ आयुष्यात कधी खेळलेलाच नव्हता. २०१८ ला सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत घेतला. पहिले दोन मोसम एकही सामना खेळला नाही. दोन वर्षं नुसता सराव, दुखापती, शिकवणी. तिसऱ्या वर्षी उभा राहिला तो आजपर्यंत उभा आहे. आपल्या मंडळात असता तर दुसऱ्याच महिन्यात कोणीतरी म्हटलं असतं, "हे दांडगं नुसतं खाते, हाकला याले."

पाचवा गडी मात्र त्यांनी बाजारातून आणला होता, हेही सांगून टाकतो. नाहीतर भाचा कमेंटमध्ये येईल.

मला यात दिसलं ते असं. रेडर एकटा जातो, एकटा येतो. त्याचं कौशल्य त्याच्या अंगात असतं, नागपूरला असो की आपल्या गावात, त्याचा पाय तेवढाच चालतो. म्हणून तो विकत घेता येतो. पकडीचं तसं नाही. कोपऱ्यानं घोट्याला हात घातला त्याच क्षणी साखळीत आतल्या बाजूला उभ्या कव्हरवाल्यानं वरून दाबायला हवं. अर्धा श्वास उशीर झाला की दोघंही बाद. तो क्षण ओरडून सांगता येत नाही, दुसऱ्याच्या खांद्याच्या हालचालीवरून कळतो. एकाच मैदानावर, एकाच धुळीत, चार-पाच वर्षं हातात हात धरून उभं राहिलं की कळतो. आपण आणलेल्या पाचांनी जे सामने जिंकले ते चढायांवर जिंकले. व्हिडिओ आहेत, पुन्हा काढून बघा. पकडी किती झाल्या ते मोजा.

आता कोणी म्हणेल, अमेरिका राहू द्या, क्रिकेटमध्ये आपल्या विदर्भानं करुण नायर आणला की नाही?

आणला, आणि छान केलं. मी काही 'फक्त आपलीच पोट्टी' वाला नाही. स्पेनमध्ये ॲथलेटिक बिल्बाओ नावाचा क्लब आहे, तो फक्त आपल्या बास्क मुलखाशी नातं असलेले खेळाडू घेतो. कधी खालच्या श्रेणीत गेला नाही, पण तिथला राजाचा चषक २०२४ ला जिंकला तो ४० वर्षांनी. एवढा धीर आपल्या गावात कोणाकडं आहे? माझ्याकडं तर नाही.

पण विदर्भानं आणलं कसं ते पाहा. २०२४-२५ चा रणजी अंतिम सामना, जामठ्याचं मैदान, समोर केरळ. आपली अवस्था ३ बाद २४. तिथून नागपूरचा दानिश मालेवार, त्याचा पहिलाच रणजी मोसम, आणि कर्नाटकातून आलेला करुण नायर यांनी २१५ धावा जोडल्या. दानिशच्या १५३, करुणच्या ८६. त्याच मोसमात हर्ष दुबेनं ६९ बळी घेतले, रणजीच्या एका मोसमातला विक्रम. यश राठोडच्या ९६० धावा. हे सगळे घरचे. पाहुणे मोजके, तेही जिथं भोक होतं तिथं. वसीम जाफर २०१५ च्या मोसमात मुंबईहून आला, तो निवृत्तीपर्यंत इथलाच झाला. २०१८-१९ ला चाळिशी ओलांडून त्यानं हजारावर धावा केल्या आणि तरण्या पोरांना शेजारी उभं राहून ते बघता आलं. दोन दिवस मटण खाऊन गेला नाही.

आमचे आबा पटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतीचे, शौकीन. तळेगाव दशासरच्या शंकरपटाला दरवर्षी जायचे. बाजारातून बैल आणला की ते त्याला सरळ पटात घालत नसत. आधी महिनाभर घरच्या बैलासोबत वखराला जुंपत. लोक हसायचे, एवढा महागाचा बैल आणि वखराला? आबा म्हणायचे, याले आधी बाजूच्याचा श्वास कळू दे.

रणजीच्या त्याच अंतिम सामन्यातली दुसरी गोष्ट मला जास्त लागली. केरळकडून आदित्य सरवटे खेळत होता. आपला आदित्य! २०१९ च्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राचे ११ बळी घेऊन ज्यानं आपल्याला दुसऱ्यांदा विजेते केलं, तोच. आपल्यासमोर त्यानं ७९ धावा केल्या. आपण सुटलो ते पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर. २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेणारा रजनीश गुरबानी महाराष्ट्राकडे गेला. पुढं जितेश शर्मा बडोद्याला गेला, आणि खुद्द करुण परत कर्नाटकात. घरचे जातात, बाहेरचेही जातात. म्हणून 'आपली पोरं निष्ठावान, बाहेरची भाडोत्री' हे जे भाषण आपल्याकडं माइक हातात आला की सुरू होतं, ते मला पटत नाही. पोरगा मोठा झाला की जाणारच. सरवटे गेला तेव्हा त्याच्यासारखाच डावखुरा फिरकीवाला हर्ष दुबे तयार होता, प्रश्न एवढाच आहे की आपल्याकडं मागं कोण तयार आहे.

मागं कोणी नसलं की काय होतं ते मिझोरामच्या आयझॉल फुटबॉल क्लबला विचारा. २०१७ ला त्या छोट्या क्लबनं आय-लीग, म्हणजे देशातली तेव्हाची अव्वल फुटबॉल स्पर्धा, जिंकली. आदल्या वर्षी खालच्या श्रेणीत ढकललेला आणि मग परत वर घेतलेला संघ, बहुतेक पोरं मिझो, सोबत मुंबईहून आलेले आणि परदेशी असे थोडे. अख्ख्या देशानं टाळ्या वाजवल्या. मग प्रशिक्षक खालिद जमील ईस्ट बंगालला गेला आणि मोठ्या क्लबांनी पोरं वेचून नेली. पऱ्हाटीचं बोंड फुटल्याबरोबर दुसऱ्यानं वेचून न्यावं तशी.

फुटबॉलमध्ये निदान एक सोय आहे. करार चालू असताना खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशाच्या क्लबात विकला गेला की त्या रकमेचे पाच टक्के फिफाच्या नियमानं त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. आपल्या पोट्ट्याला शेजारच्या गावानं नेलं तर आपल्याला पाच टक्के काय, एक जुनी मॅटही मिळत नाही. हा विषय तालुक्याच्या बैठकीत कोणीतरी काढा. मी काढला होता, चहा आला आणि विषय बदलला.

तर माझं म्हणणं. यंदा एकच रेडर आणा, डावा, कारण डावा रेडर खरंच आपल्याकडं नाही. दोन दिवसांसाठी नको, डिसेंबरच्या एक तारखेपासून आणा. सात जणांना दोन दिवसांचे जे एकवीस हजार देणार आहात, त्यातच त्याचे दीड महिन्याचे पैसे बसतात. राहायला माझ्या गोठ्यावरची खोली देतो, संडास-बाथरूम आहे, जेवण आमच्या घरी. अट एकच, रोज संध्याकाळी पोट्ट्यांसोबत मैदानावर. त्यांनी त्याला पकडायचं, त्यानं सुटायचं. बाकी सहा गावचे. हरलो तर पानठेल्यावर मी पुढं उभा राहतो, मला बोला.

आणि चाकणला मी काल फोन केला होता. म्हटलं, जानेवारीत येतोस का? आधी काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, सुपरवायझरले विचारतो. पण खेळवसान ना? का मंग बाटल्याच?"

मी त्याला शब्द दिलेला नाही. तो माझ्या एकट्याच्या हातात नाही. रविवारी रात्री आठला समाजमंदिरात बैठक आहे. दोन हजारांवर वर्गणी देणाऱ्यांनीच बोलायचं, असा नवा नियम ग्रुपवर वाचला. मी दीड हजार दिलेत, तरी बोलणार आहे. आणि पोट्ट्यांनाही आत बसू द्या. मागच्या वेळी त्यांना दाराबाहेर चपलांजवळ उभं केलं होतं.