एक प्येस कमी आहे

परवा पॅरिसमधल्या एका सरकारी खिडकीवर माझ्या हातून लाच दिली गेली. दोन युरो.

खिडकीमागच्या बाईंनी फाइल चाळली आणि म्हणाल्या, "इल मांक यून प्येस." एक प्येस कमी आहे. प्येस म्हणजे नाणं, एवढं मला कोपऱ्यावरच्या लाँड्रीतल्या मशीनने शिकवलंय. म्हटलं, फी असेल. काचेखालून नाणं सरकवलं. बाईंनी त्याच्याकडे झुरळाकडे बघावं तसं बघितलं.

"कागद, मस्यू! प्येस म्हणजे कागद!" मागून आवाज आला. ऐंशीच्या घरातले आजोबा, हाताशी चाकांची पिशवी, पिशवीतून डोकावणारी भाजीची पात. "आणि खोलीसुद्धा. तुमचं घर किती प्येसचं?"

"एक, आणि स्वयंपाकघर."

"स्वयंपाकघर धरत नाहीत!"

इथे माझं डोकं फिरलं. डोंबिवलीत आमचं वन रूम किचन होतं. किचन धरलं नसतं तर आजी झोपली कुठे असती? पण आजोबा पुढे निघून गेले होते. नाटक म्हणजे प्येस. यंत्राचा सुटा भाग म्हणजे प्येस. कपड्याला लावलेलं ठिगळ प्येस. लग्नात क्रीम भरलेल्या गोळ्यांचा मनोरा रचतात तो 'प्येस मोंते'. 'द-प्येस' म्हणजे दोन खोल्यांचं घर, किंवा... असं म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी हवेत बिकिनी काढली. खिडकीतल्या बाई माझं काम सोडून ऐकत होत्या. "आणि प्येस देणं म्हणजे बक्षिसी! तुम्ही आत्ता दिलीत ती!" अख्खी रांग हसली. आमच्याकडे पीस म्हटलं की ब्लाउजपीस, आणि शिवाय तुमच्यासारखा माणूस, हे सांगण्याइतकं फ्रेंच मला येत नाही.

कमी होतं ते वीजबिल. जोडलेलं होतं, पण सहा महिन्यांच्या आतलं हवं आणि माझं आठ दिवसांनी जुनं. अर्ज केला तेव्हा ते ताजंच होतं हो! भेटीची वेळ द्यायला सहा महिने यांनी लावायचे आणि शिळा मी. नवं बिल पिशवीत होतं, पण त्याची झेरॉक्सच लागते. झेरॉक्सचं मशीन बाहेर, आणि ते नाण्यांवर चालतं.

माझं एकुलतं एक नाणं काचेपलीकडे पडलेलं. बाई त्याला हात लावायला तयार नाहीत, आणि माझा हात पोचत नाही.

शेवटी आजोबांकडेच वळलो. "एक प्येस द्याल का?"

"कुठली?" आजोबा म्हणाले.