47,500 ची मारुती आणि "जुनी गाडीच स्वस्त" हा हिशोब

परत तो मेसेज फिरतोय. 1983 ला मारुती 800 फक्त 47,500 ला मिळायची, आज साधी गाडी घ्यायला चार लाख लागतात, कंपन्या लुटतायत, त्यापेक्षा जुनी प्रीमियर पद्मिनी (फिएट) घ्या, कोपऱ्यावरचा मेकॅनिक पाना-स्क्रूड्रायव्हरवर चालू करून देतो, पत्रापण जाड. मला पद्मिनी जाम आवडते, स्टिअरिंगजवळचा गिअर टाकायची मजा वेगळीच, पण हिशोब साफ चुकलाय आणि तो वाचून लोक खरोखर पैसे घालतायत म्हणून लिहितोय.

आधी ते 47,500. घर विकताना जुनी किंमत महागाईप्रमाणे वाढवायला सीए जो कॉस्ट इन्फ्लेशन इंडेक्स लावतो तोच घ्या. 1983-84 ला 116, 2001-02 ला 426, तिथून परत 100 पासून मोजायला सुरुवात झाली ते 2024-25 ला 363. गुणाकार केला की 13 पटीच्या वर जातं, म्हणजे त्या 47,500 चे सव्वासहा लाखांहून जास्त होतात, आणि हा इंडेक्स महागाई पाऊणच धरतो हे लक्षात घ्या. म्हणजे आजची चार लाखांची छोटी गाडी तेव्हाच्या 800 पेक्षा स्वस्तच पडते, वर एसी, एबीएस, एअरबॅग. तेव्हा चार गिअर आणि सुरुवातीच्या साध्या मॉडेलला एसीसुद्धा नव्हता. शिवाय पैसे भरून नंबर लागायची वाट बघायची, घाई असेल तर वर ऑन (छापील किमतीवर काळ्या बाजारात द्यायचे जादा पैसे) द्यायचा, तो ऑन मेसेजमध्ये कुठेच नाही.

मेकॅनिकचं अर्धं खरं आहे. ठिणगीसाठीचे पॉइंट्स घासणं, व्हॉल्व्हचे टॅपेट लावणं, कार्बोरेटर साफ करणं हे स्वस्तात होतं, पण सारखं करावं लागतं, आणि ते नीट जमणारे हात कमी होत चाललेत. पद्मिनी बनवणारा कुर्ल्याचा कारखाना बंद होऊन वीसच्या वर वर्षं झाली. ट्रिमच्या पट्ट्या, काचेचे रबर असलं काही हवं असेल तर भंगारवाल्यांकडे शोधत फिरायचं नाहीतर बनवून घ्यायचं, आणि तिथे भाव तो म्हणेल तो.

पेट्रोल तर मेसेजवाल्याने धरलेलंच नाही! वर्षाला 10,000 किमी, पेट्रोल 104. पद्मिनी 11 चं अॅव्हरेज देते असं धरलं तर 94,000 च्या वर जातात, आजची छोटी गाडी शहरात 20 देते तिला 52,000. दरवर्षी 42,000 चा फरक, आणि इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुने रबर पाइप लवकर खराब होतात ते वेगळंच.

जाड पत्रा: धडकेत पुढचा भाग चेपून धक्का खायला हवा, नाहीतर तो आतल्या माणसाला बसतो. पटकन गंजतोही.

इन्शुरन्स मात्र जुन्या गाडीला कमी लागतो, नुसतं थर्ड पार्टी काढून भागतं, आणि किंमत आणखी उतरायची भीती नाही, हे मान्य. पण एप्रिल 2022 पासून 15 वर्षांवरच्या गाडीचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायला 600 चे 5,000 झाले, ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांवरच्या गाडीला तर 10,000, वर ग्रीन टॅक्स. 50 वर्षांची झाली म्हणून विंटेजमध्ये नोंदवायला 20,000, आणि मग ती रोज ऑफिसला नेता येत नाही.

हौस म्हणून घेताय तर जरूर घ्या. फक्त टोकन द्यायच्या आधी ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचला आणि पत्रा अंगठ्याने दाबून बघा, दबला तर वेल्डिंग, पुट्टी आणि पेंटचे पैसे गाडीच्या किमतीत धरूनच भाव करा.