‘मुलांना कॉम्प्युटरला घालू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सीईटीचे पर्सेंटाइल लागले की मुंबई-ठाण्यातल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच: ‘एआय आता सगळा कोड लिहितो. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग संपलं. एनव्हिडियाचा प्रमुखच म्हणाला की मुलांना कोडिंग शिकवू नका. टीसीएसने एआयमुळे बारा हजार लोक काढले. डिस्क्रीट मॅथ्स, ऑटोमाटा असल्या थिअरीत चार वर्षं आणि लाखो रुपये घालवण्यापेक्षा तीन महिन्यांचा प्रॉम्प्टचा कोर्स करा. खरं संशोधन अमेरिकेत होतं, आपल्या पोरांच्या वाट्याला त्यातलं काही येत नाही. जास्तीत जास्त पालकांपर्यंत पोचवा.’

मी उपनगरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात हाच विषय शिकवतो. माझा पगार या ब्रँचवर चालतो, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा. पण ज्या मुलांना या विषयाची खरी ओढ आहे, त्यांचे पालक हा मेसेज दाखवून ऑप्शन फॉर्म बदलायला लावतात, हे बघून गप्प बसवत नाही.

‘एआय आता सगळा कोड लिहितो’

लिहितो, आणि भरपूर लिहितो. २०२१ मध्ये कोड सुचवणारा गिटहब कोपायलट आला, २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आला. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला ज्या प्रोग्रामसाठी अख्खं प्रॅक्टिकल लागायचं, तो आता चहा येईपर्यंत तयार असतो. प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

आमच्या मुलांच्या एका गटाने कॉलेजच्या कार्यक्रमासाठी ओळखपत्रं छापण्याचा प्रोग्राम केला. नावं मराठीत, पट्टीवर जागा कमी, म्हणून एआयला सांगितलं की नाव आठ अक्षरांपर्यंतच ठेव. कोड लगेच आला, नीटनेटका, जागोजागी टिपा घातलेला. चार इंग्रजी नावं घालून बघितली, चाललं. मग यादीत ‘ज्ञानेश्वर’ आला आणि पट्टीवर ‘ज्ञानेश्’ उमटलं, शेवटच्या श चा पाय मोडलेला. मराठी वाचणाऱ्याला या नावात चारच अक्षरं दिसतात: ज्ञा, ने, श्व, र. संगणकाच्या लेखी ती युनिकोडची (प्रत्येक लिपीतल्या चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीची) दहा चिन्हं आहेत: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. आठ मोजून कापलं की घाव जोडाक्षराच्या मधोमध बसतो. मुलांनी एआयला ‘नाव तुटतंय’ एवढंच सांगितलं. त्याने मर्यादा बारा केली. ज्ञानेश्वर वाचला, पण सहा अक्षरांचा लक्ष्मीनारायण तेरा चिन्हांचा निघाला आणि त्याचा ण गेला. शेवटी गटातल्या एका मुलीने युनिकोडचा तक्ताच उघडून चिन्हं मोजली आणि मग विचारलं, ‘चिन्हं मोजू नकोस, वाचणाऱ्याला दिसणारी अक्षरं मोज.’ पुढच्या खेपेला बरोबर कोड आला.

म्हणजे साधनाला उत्तर येत होतं. काय विचारायचं, हे त्या मुलीला कळावं लागलं, आणि अक्षर संगणकात कसं साठवलं जातं हे तिला माहीत असल्यामुळे ते कळलं. ते आम्ही पहिल्या वर्षी शिकवतो.

चूक दिसली तर बरं, न दिसणाऱ्या चुका जास्त घातक. चॅटजीपीटीच्या मुळाशी असतात तशी भाषेची मॉडेल्स कोड लिहिताना कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या लायब्ररीचं, म्हणजे इंटरनेटवरून उतरवायच्या तयार कोडच्या संचाचं, नाव घालतात. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी १६ मॉडेल्सकडून ५ लाख ७६ हजार नमुने लिहून घेतले. विकत मिळणाऱ्या मॉडेल्समध्ये सुचवलेल्या लायब्ररींपैकी सुमारे ५ टक्के नावं बनावट निघाली, खुल्या मॉडेल्समध्ये २१ टक्क्यांहून जास्त. तेच नाव घेऊन एखाद्याने घातक कोड इंटरनेटवर ठेवला, तर डोळे झाकून तो उतरवणाऱ्याच्या संगणकात चोर आपणहून शिरतो.

आता मुंबईतलंच मोठं उदाहरण. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयचं मुख्यालय बीकेसीत आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये यूपीआयची सुरुवात झाली, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका महिन्यात २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. त्याच वर्षी १२ एप्रिलला, शनिवारी, ते अडखळलं. वडापावच्या गाडीपासून मेडिकलपर्यंत सगळीकडे लोक मोबाइल धरून उभे. कारण काय निघालं? काही बँकांच्या प्रणाली ‘मघाचा व्यवहार झाला का?’ हा प्रश्न पुन्हापुन्हा विचारत राहिल्या, आणि त्या चौकश्यांच्या ओझ्याखाली खरे व्यवहार अडले. यातली एकेक ओळ तपासली तर चूक सापडणार नाही. उत्तर आलं नाही तर परत विचार, हा कुणीही लिहील असा शहाणा कोड आहे. तो हजारो यंत्रांनी एकाच वेळी चालवला की काय होतं, हा वेगळा विचार आहे. परत विचारण्याआधी किती थांबायचं, थांबण्याचा काळ दर वेळी किती वाढवायचा, सगळ्यांनी एकाच क्षणी विचारू नये म्हणून काय करायचं, याला संभाव्यता लागते, रांगांचं गणित लागतं. १ ऑगस्टपासून एनपीसीआयने मर्यादा घातल्या: एका ॲपवरून दिवसाला ५० वेळाच शिल्लक बघता येईल, व्यवहाराची स्थिती किती वेळा आणि किती अंतराने विचारायची यालाही बंधन. हे ठरवणं म्हणजे कॉम्प्युटर सायन्स. कोड त्यातला शेवटचा आणि सोपा भाग.

‘कोड आता आपोआप होईल’ ही घोषणाही नवी नाही. १९५७ मध्ये आयबीएमने फोरट्रान ही प्रोग्रामिंगची भाषा आणली, तेव्हा त्याचं वर्णनच ‘स्वयंचलित कोडिंग’ असं होतं. पुढे कोबोल आलं, ते व्यवस्थापकांनाही वाचता यावं म्हणून. इकडे कुलाब्यात आर. नरसिंहन यांच्या गटाने बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये टीआयएफआर या संशोधन संस्थेत सुरू झाला, तेव्हा प्रोग्राम लिहिणारी माणसं देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. भाषा सोप्या होत गेल्या तसे प्रोग्रामर वाढत गेले. यावरून पुढेही तसंच होईल असं मी म्हणणार नाही, कारण एक फरक मोठा आहे. या भाषांमागचा कंपायलर दिलेल्या कोडचं ठरलेल्या नियमांनी यंत्राच्या भाषेत भाषांतर करतो. भाषेचं मॉडेल शक्यतेवर चालतं. तोच प्रश्न दोनदा विचारा, दोन वेगळी उत्तरं मिळू शकतात. कंपायलरवर विश्वास ठेवून पुढे जाता यायचं. इथे दर वेळी तपासावं लागतं, आणि तपासायला विषय यावा लागतो.

‘एनव्हिडियाचा प्रमुखच म्हणाला’

जेन्सन ह्वांग फेब्रुवारी २०२४ मध्ये दुबईत बोलले, ते खरं आहे. कुणालाही प्रोग्रामिंग करावं लागू नये असं तंत्रज्ञान बनवणं हे आपलं काम, असा त्यांचा सूर होता. एआय ज्या चिप्सवर चालतो त्या विकणाऱ्या कंपनीचे ते प्रमुख आहेत, हे मेसेजमध्ये कुठेच नाही. आणि त्यांच्याच कंपनीत चिप्स आणि त्यावरचं सॉफ्टवेअर घडवायला हजारो कॉम्प्युटर इंजिनिअर लागतात.

चिप्स न विकणारा मोठा माणूसही चुकतो. एआयचे आद्य संशोधक जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये सांगितलं होतं की रेडिऑलॉजिस्ट (एक्स-रे, स्कॅन वाचणारे डॉक्टर) घडवणं आताच थांबवा, पाच वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा सरस होईल. याच हिंटन यांना २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, इतका त्यांचा अधिकार. रेडिऑलॉजिस्ट आजही लागतात. त्या भाकितावर विसंबून कुणी मुलाला त्या वाटेवरून मागे ओढलं असेल, तर नुकसान त्या मुलाचं झालं.

‘टीसीएसने बारा हजार लोक काढले’

आकडा खरा, पण ‘एआयमुळे’ हे कारण मेसेजने चिकटवलेलं. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने मनुष्यबळ सुमारे २ टक्क्यांनी, म्हणजे बारा हजारांच्या आसपास, कमी करणार असं जाहीर केलं. त्यात भर मधल्या आणि वरच्या फळीवर होता, आणि एआयमुळे काम वाचलं म्हणून हे करत नाही, असं कंपनीच्या प्रमुखांनी सांगितलं. कंपनीचं म्हणणं जसंच्या तसं मानायची सक्ती नाही. पण कंपनी जे म्हणालीच नाही ते तिच्या नावावर खपवू नये.

तरीही या मुद्द्यात तथ्य आहे, आणि ते दडवलं तर मी त्या मेसेजवाल्याहून वेगळा ठरणार नाही. पहिली नोकरी मिळणं अवघड झालंय. अमेरिकेतल्या पगारपत्रकांवरून स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये दाखवलं की २२ ते २५ वयाच्या सॉफ्टवेअर डेव्हलपरांचा रोजगार २०२२ च्या अखेरच्या उंचीवरून जवळपास २० टक्क्यांनी घसरला. त्याच क्षेत्रातल्या वयाने मोठ्या, अनुभवी लोकांचं मात्र तसं झालं नाही. सांगितलेला छोटा तुकडा टाइप करून देणाऱ्या फ्रेशरची जागा यंत्राने घेतली, असा याचा अर्थ मी लावतो. माझे जुने विद्यार्थी सांगतात, मुलाखतीत आता तयार कोड पुढे ठेवतात आणि विचारतात, यात काय चुकलंय?

अनुभवी माणसालाही हे साधन नेहमी वेग देतंच असं नाही. मेटर या संस्थेने २०२५ मध्ये १६ मुरलेल्या डेव्हलपरांना त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांतली २४६ कामं दिली. एआय वापरून त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि काम संपल्यावरही त्यांना वाटत होतं की आपण २० टक्के लवकर उरकलं. साधनं तेव्हाची, माणसं थोडी, सगळ्यांना हे लागू नाही. पण आपल्या वेगाचा आपल्यालाच अंदाज येत नसेल, तर बारावी झालेल्या मुलाला तो कुठून येणार?

‘थिअरी सोडा, प्रॉम्प्ट शिका’

या सल्ल्याचा मला राग येतो, कारण तो नेमका नको तो भाग टिकवतो आणि हवा तो टाकायला सांगतो. तीन महिन्यांत शिकवलेल्या प्रॉम्प्टच्या, म्हणजे एआयला सूचना लिहिण्याच्या, युक्त्या मॉडेल बदललं की शिळ्या होतात. मुलं ज्याला कंटाळतात ते गणित तसं शिळं होत नाही.

बायनरी सर्च घ्या, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीत दर वेळी मधोमध बघून शोधण्याची पद्धत. दुसऱ्या वर्षाच्या व्हायवात हमखास विचारतात. दोन टोकांची बेरीज करून दोनने भागायचं, मधली जागा मिळते. पुस्तकात तेच, मुलांच्या जर्नलमध्येही तेच. जावा या भाषेच्या अधिकृत लायब्ररीतही तेच होतं, आणि त्यात चूक आहे हे २००६ मध्ये जाहीर झालं. तोवर ती सुमारे नऊ वर्षं तिथे होती. दोन्ही टोकांचे आकडे ३२ बिटांत, म्हणजे शून्य-एकच्या ३२ घरांत, बसतात, पण यादी शंभर कोटींच्या पुढे गेली की त्यांची बेरीज बसत नाही, आकडा उणे होतो आणि प्रोग्राम कोसळतो. इतक्या मोठ्या याद्या पूर्वी कुणाकडे नव्हत्या, म्हणून कुणाला जाणवलं नाही. असा जुना कोड इंटरनेटभर पसरलेला आहे आणि मॉडेल्स इंटरनेटवरूनच शिकतात. बेरीज किती बिटांत बसते हा प्रश्न ज्याला पडतो, त्यालाच ती ओळ खटकेल.

‘एआयचा कोड दुसरा एआय तपासेल’ असंही पालक सांगतात. काही प्रमाणात तपासतोही. पण कुठलाही प्रोग्राम दिला तरी तो थांबेल की चालतच राहील, हे दर वेळी अचूक सांगणारा प्रोग्राम असूच शकत नाही, हे ॲलन ट्युरिंगने १९३६ मध्ये सिद्ध केलं. हे शिकवतात तोच तो ऑटोमाटाचा (यंत्राला काय जमतं, काय नाही याच्या गणिताचा) पेपर, ज्यात केटी लागते, म्हणजे नापास होऊन पुन्हा बसावं लागतं, म्हणून मुलं घाबरतात. सगळ्यांना पुरेल अशी तपासणी मिळत नाही, म्हणून त्या-त्या प्रोग्रामसाठी अटी मांडाव्या लागतात, चाचण्या रचाव्या लागतात, जमेल तिथे सिद्धता द्यावी लागते. तीन महिन्यांत हे होत नाही.

आमच्याकडे हे नीट शिकवलं जातं का? बऱ्याच ठिकाणी नाही. सीनियरचं जर्नल उतरवायचं, सबमिशनच्या आठवड्यात सह्या घ्यायच्या, टर्मवर्कचे मार्क घ्यायचे, हे एआयच्या कितीतरी आधीपासून चाललंय. त्यात २०२४-२५ पासून तंत्रशिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या एआयसीटीईने चांगल्या संस्थांसाठी एका ब्रँचमधल्या जागांची कमाल मर्यादा काढली. कॉम्प्युटरच्या जागा वाढल्या, तितके शिक्षक रातोरात कुठून येणार? मेसेज लिहिणाऱ्याने यावर बोट ठेवलं असतं, तर मी स्वतः तो पुढे पाठवला असता.

‘संशोधन अमेरिकेत होतं’

२००२ मध्ये आयआयटी कानपूरला मनींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी एखादी संख्या मूळ आहे का हे खात्रीने आणि झटपट तपासण्याची पद्धत शोधली. शतकानुशतकं पडून असलेला प्रश्न, आणि तिघांतले दोघं नुकतेच बी.टेक. झालेले. आजचे सगळे चॅटबॉट ज्या रचनेवर उभे आहेत ती मांडणारा २०१७ चा निबंध अमेरिकेत लिहिला गेला, हे बरोबर; पण त्याच्या आठ लेखकांतल्या निकी परमार पुण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातून शिकल्या, आयआयटीतून नव्हे. पवईच्या आयआयटीतल्या सुनीता सारवगी यांना २०१९ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. मराठी शब्दांचे अर्थ आणि त्यांची नाती संगणकासाठी मांडणारं मराठी वर्डनेटही पवईतच घडलं, आणि भारतीय भाषांसाठी मॉडेल्स बनवणाऱ्या भारतजेन प्रकल्पाचं नेतृत्व तिथूनच होतंय.

मराठी माध्यमातल्या मुलांबद्दल तर मेसेजचं म्हणणं उलटंच आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले ८ कोटी ३० लाख लोक होते, आणि इंटरनेटवरचा मराठी मजकूर त्या मानाने फारच थोडा. बरीचशी मॉडेल्स देवनागरीचे इंग्रजीपेक्षा बारीक तुकडे पाडतात, त्यामुळे तोच मजकूर मराठीत महाग आणि संथ पडतो. हा प्रश्न कॅलिफोर्नियात बसून कुणी आपल्यासाठी जिव्हाळ्याने सोडवणार नाही. त्याला मराठी येणारी, गणित येणारी मुलं हवीत. इंग्रजीची अडचण असलेल्यांसाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतून प्रोग्रामिंगचे धडे आहेत, फुकट.

ज्याला या विषयात रस नाही, केवळ पॅकेजसाठी जायचंय, त्याने जरूर दुसरी ब्रँच घ्यावी. ज्याला रस आहे त्याच्या पालकांनी ऑप्शन फॉर्म भरण्याआधी कॉलेजात प्रत्यक्ष जावं आणि प्लेसमेंटच्या बोर्डापाशी न थांबता लॅबमध्ये जावं. दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला विचारा: व्हायवात शेवटचं काय विचारलं होतं, आणि तुझ्या कोडमधली चूक सरांनी शोधायला लावली की नुसती सही केली?