कुलूप लावा, पण पोलादी पेटीला नको

टेक्सासातल्या आमच्या मराठी मंडळींपैकी तिघं-चौघं आता नियमित नेमबाजीच्या रेंजवर जातात, आणि त्यातले दोघं घरीच काडतुसं भरायला लागलेत. गेल्या महिन्यात एकाने मोठ्या हौसेने गराज दाखवलं. काडतुसात भरायच्या पावडरचे सहा डबे जाड पोलादी पेटीत, वर भक्कम कुलूप. "घरात लहान पोरं आहेत दादा, रिस्क नको." ती पेटी बघून माझ्या पोटात गोळा आला. म्हणून हे लिहितोय.

पोरांचा हात पोचू नये, कुलूप हवं, हे शंभर टक्के बरोबर. चुकली ती पेटी. स्मोकलेस पावडर, म्हणजे आजच्या काडतुसांत भरतात ती जवळजवळ बिनधुराची दारू, उघड्यावर पेटली तर भसकन जळून जाते. भडका मोठा होतो, पण स्फोट होत नाही. तीच कोंडली की जळताना तयार होणाऱ्या वायूला वाट मिळत नाही, दाब चढतो, दाबामुळे ती आणखी वेगाने जळते, आणि शेवटी पेटीच्या ठिकऱ्या उडतात. गोळी नळीतून सुटते तीही याच गुणामुळे. कंपनीचा डबा मुद्दाम असा बनवतात की थोड्या दाबाला तो उकलावा. आपण तोच डबा पोलादात बंद करतो आणि त्याची सगळी सोय घालवून बसतो.

अमेरिकेतली अग्निसुरक्षेची एनएफपीए ४९५ ही संहिता हेच सांगते. राहत्या घरात २० पाउंडांपर्यंत पावडर, मूळ डब्यांतच. त्याहून जास्त, एकूण ५० पाउंडांपर्यंत असेल तर किमान एक इंच जाडीच्या लाकडी पेटीत किंवा कपाटात. प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी बसणाऱ्या ठिणगीच्या टोप्या, १०,००० पर्यंत, आणि तेही पावडरपासून वेगळे. तुमच्या गावाचा नियम याहून कडक असू शकतो. फायर डिपार्टमेंटला फोन करून विचारा, त्यात लाज कसली?

आणि गराज तर नकोच. इथल्या उन्हाळ्यात ते भट्टीसारखं तापतं, आणि कित्येकांच्या गराजमध्ये गॅसचा वॉटर हीटर असतो. घरातलं थंड, कोरडं कपाट बघा.

काळ्या दारूची, म्हणजे ठासणीच्या बंदुकीत भरतात त्या जुन्या पद्धतीच्या बारुदीची, गोष्ट वेगळी. ती एका ठिणगीने उडते, उघड्यावरसुद्धा. सिंहगडावर पुणे दरवाज्यातून आत गेलं की उजवीकडे दगडी दारूकोठार दिसतं. ११ सप्टेंबर १७५१ रोजी त्यावर वीज पडली आणि गडावरच्या फडणिसांचं घर आतल्या माणसांसकट गेलं. लहानपणी सहलीला गेलो तेव्हा त्या कोठाराच्या भिंतीला टेकून आम्ही भेळ खाल्ली होती. ठासणीच्या बंदुकीची हौस असलेल्यांनी वर लिहिलेले स्मोकलेसचे नियम आपल्या दारूला लावू नयेत.

माझी स्वतःची चूकही सांगतो. चार वर्षांपूर्वी काडतुसं भरायचं काम अर्धं टाकून पाहुण्यांना आणायला विमानतळावर गेलो. हॉपरमध्ये, म्हणजे काडतुसात पावडर सोडणाऱ्या प्लास्टिकच्या नळकांड्यात, पावडर तशीच राहिली. तीन आठवड्यांनी बघतो तर प्लास्टिक आतून पिवळट, धुरकट झालेलं, आणि बेंचवर दोन वेगवेगळ्या पावडरींचे डबे उघडे. हॉपरमधली कुठली? दाणे बोटावर घेऊन दिव्याखाली किती वेळ बघत बसलो! दिसायला दोन्ही सारखेच. अंदाजाने डब्यात ओतली असती तर पुढच्या काडतुसात काय झालं असतं, या विचाराने आजही अंगावर काटा येतो. सगळी बाद केली. तेव्हापासून बेंचवर एका वेळी एकच डबा, आणि उठताना हॉपर रिकामा.

डबे वर्षातून दोनदा उघडून वास घ्या. चांगल्या पावडरला स्पिरिटसारखा हलका वास येतो. नाकाला झोंबणारा आंबूस वास आला, किंवा आत तांबूस धूळ दिसली, तर ती खराब झाली. ती वापरू नका, घरात ठेवूही नका. सांडली तर ब्रशने सुपलीत भरा, व्हॅक्यूम लावू नका. त्याच्या मोटरची ठिणगी पुरते.

गराज दाखवणाऱ्या त्या मित्राने लगेचच्या शनिवारी पाइनच्या इंचभर फळ्या आणल्या. कपाट दोघांनी मिळून ठोकलं, आणि तेच कुलूप आता त्याला लावलंय.