‘अभ्यासावर भरवसा नसतो’ म्हणणाऱ्या वाचकास

महोदय,

(मुद्दाम ‘महोदय’ म्हणतोय. आपण नाव लिहिलेलं नाही आणि प्रतिक्रियेचा सूर पाहता ‘मित्रा’ म्हणायला जीभ रेटत नाही.)

पोर्टफोलिओबद्दल मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न मी मागच्या लेखात एकत्र घेतले होते. शेअर किती असावेत (मी वीस-पंचवीस म्हटलं होतं), पडलेला शेअर ॲव्हरेज करावा का, म्हणजे खालच्या भावात आणखी घेऊन सरासरी खरेदी किंमत उतरवावी का, विकावं कधी, रोख किती ठेवावी, असे. त्याखाली आपण रात्री पावणेदोन वाजता जे लिहिलंत, ते बाकीच्या वाचकांसाठी इथे जसंच्या तसं देतो, चौकटी कंसातले खुलासे तेवढे माझे:

“लेख वाचून निराशा झाली. वीस-पंचवीस शेअर ठेवणाऱ्याला स्वतःच्या अभ्यासावर भरवसा नसतो, एवढाच त्याचा अर्थ. केन्सदेखील [ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ] मोजक्याच शेअरांवर भर देत. पंचवीस शेअर म्हणजे घरी बनवलेला इंडेक्स फंड [निर्देशांकातले सगळे शेअर त्याच प्रमाणात घेणारा फंड]. मग खराच का घेऊ नये, तो स्वस्तही पडतो. ‘दुप्पट झाला की निम्मा विकून मुद्दल काढा’ हा सल्ला पोरकट आहे, तुमची खरेदी किंमत शेअरला ठाऊक नसते. आकडेमोडही चुकलेली आहे. आणि इतकी वर्षं बाजारात आहात तर तुमचा परतावा निर्देशांकाच्या पुढे की मागे, हे एकदा सांगून टाका. असले लेख वाचून नवे लोक बिघडतात. पुन्हा इकडे फिरकणार नाही.”

आधी चुकीचं बोलू. 40 टक्के पडलेला शेअर मूळ भावाला यायला 60 टक्के वाढावा लागतो, असं मी लिहिलं होतं. ते चूक आहे. शंभराचे साठ झाले, तर साठाचे पुन्हा शंभर व्हायला जवळपास 67 टक्के लागतात. 20 टक्के पडला तर 25, निम्मा झाला तर दुप्पट आणि 80 टक्के पडला तर पाचपट. हे मी स्वतः लोकांना शिकवतो आणि घाईत मीच चुकलो. दुरुस्ती केली आहे. आपले आभार. मनापासून.

आता बाकीचं. मतभेदाचं मला वावडं नाही. नऊ वर्षं लिहितोय, एक पैसा घेत नाही, जाहिरात लावत नाही, कोणाला टिप देत नाही. ज्यांना माझं पटत नाही असे कितीतरी वाचक इथे नियमित लिहितात आणि त्यांच्यामुळे मी दोन-तीन मतं बदललीही आहेत. पण ‘पोरकट’? ‘लोक बिघडतात’? समोर बसून बोलताना आपण हे शब्द वापरले असते का? ‘मला हा सल्ला पटत नाही, कारण अमुक’ असं लिहायला तेवढाच वेळ लागतो. असो. पावणेदोनला कोणाचंच डोकं थंड नसतं.

मला खरं बोलायचंय ते आपल्या दुसऱ्या वाक्याबद्दल. ‘स्वतःच्या अभ्यासावर भरवसा नसतो.’ हे वाक्य मी दोन दिवस डोक्यात घेऊन फिरतोय.

2008 च्या आधी माझ्याकडे पाच शेअर होते. पाचच. आपल्याला आवडला असता असा पोर्टफोलिओ. त्यातल्या एका कंपनीत माझे निम्म्याहून जास्त पैसे होते, आणि त्या कंपनीचा मी केलेला अभ्यास आजही कोणाला दाखवायला लाजणार नाही. सहा वर्षांचे वार्षिक अहवाल, तळटीपांसकट. कर्जं कधी फिटणार, नवा कारखाना कधी सुरू होणार, प्रवर्तकांनी किती शेअर तारण ठेवलेत, सगळं एका जाड वहीत. त्या वहीच्या एका पानावर मी स्वतःच्या हाताने लिहिलंय की विक्री वाढली त्याच्या दुपटीने येणी वाढली आहेत. म्हणजे माल गेला असं कागदावर दिसतंय, पैसे मात्र हातात पडत नाहीत. त्यापुढे पेन्सिलीने लिहिलंय: ‘मोठे ग्राहक, उशिरा देतात, चिंता नको.’

चिंता नको! हे कोण म्हणतंय? कंपनी नव्हे, दलाल नव्हे. ज्याला स्वतःच्या अभ्यासावर भरवसा होता तो माणूस म्हणतोय.

पुढे लेखापरीक्षकांनी मुदत संपण्याआधीच काम सोडलं. शेअर तिसऱ्या हिश्शावर आला तेव्हा मी ॲव्हरेज केलं. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा, या वेळी बाकीच्या चारांपैकी दोन चांगले शेअर विकून. प्रत्येक वेळी वही उघडायचो आणि मला हवं ते पान सापडायचं. शेवटी विकला तेव्हा सरासरी खरेदीच्या शेकडा सहाही हातात आले नाहीत. ती रक्कम घरात कोणासाठी बाजूला ठेवलेली होती ते इथे सांगत नाही. घरी मात्र सांगावं लागलं, आणि ते सांगायला मला चार महिने लागले. तेव्हा कृपया मला भरवशाबद्दल शिकवू नका.

आपण म्हणाल, दुधाने तोंड पोळलं म्हणून हा ताकही फुंकून पितोय. म्हणा. पण पोळलेला मी एकटा नाही. एन्रॉन ही अमेरिकी ऊर्जा कंपनी हिशोबातली लबाडी उघडकीला येऊन 2001 च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली. आदल्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिचा भाव 90 डॉलरच्या आसपास होता. हिशोब तपासणारी आर्थर अँडरसन ही तेव्हाच्या जगातल्या पाच बड्या लेखापरीक्षण संस्थांपैकी एक. एन्रॉनच्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्तीनिधीतला निम्म्याहून जास्त पैसा एन्रॉनच्याच शेअरांत होता. आत बसून रोज काम करणाऱ्यांपेक्षा बाहेरून ताळेबंद वाचणाऱ्याला जास्त कळतं, असं आपलं म्हणणं आहे का? पगारही तिथलाच आणि शिल्लकही तिथलीच. दोन्ही एकाच आठवड्यात गेलं तर अभ्यासाचं काय लोणचं घालायचं?

आणि लबाडी नसली तरी गणित असतंच. हेन्ड्रिक बेसेम्बाइंडर यांचा 2018 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. 1926 ते 2016 या काळात अमेरिकी बाजारात पंचवीस हजारांवर कंपन्या येऊन गेल्या. ट्रेझरी बिलांच्या (सरकारच्या अल्पमुदतीच्या, जवळपास बिनजोखमीच्या कर्जरोख्यांच्या) वर जी निव्वळ संपत्ती त्या बाजाराने निर्माण केली, ती सगळी जेमतेम 4 टक्के कंपन्यांच्या खात्यावर जमा होते. दर सात शेअरांतल्या चारांहून थोड्या जास्त शेअरांनी आपल्या आयुष्यभरात ट्रेझरी बिलाइतकंही दिलं नाही. थोडक्यात, परताव्याप्रमाणे ओळीत लावले तर मधोमध येणारा शेअर साधा नसतोच, तो वाईट असतो. सरासरी उचलून धरतात ते मूठभर. सहाच शेअर घेतलेत तर त्या मूठभरांतला एकही आपल्याकडे नसण्याची शक्यता किती, हे आपल्यासारख्या गणितात पक्क्या माणसाला मी सांगायला नको. (हो, हाच आकडा इंडेक्स फंडवालेही वापरतात. ठाऊक आहे.)

‘पंचवीस’ हा आकडाही मी हवेतून काढलेला नाही. 1968 साली एव्हान्स आणि आर्चर यांनी दाखवलं की दहाएक शेअरांपर्यंत जोखीम झपाट्याने उतरते आणि त्यापुढे फारशी नाही. 1987 साली मीर स्टॅटमन म्हणाले, दहा पुरत नाहीत, किमान तीस हवेत. मी यांच्या मधे कुठेतरी उभा आहे. यात भरवशाचा प्रश्न कुठे आला?

शिवाय मी नुसता आकडा दिला नव्हता, हे आपण सोयीस्करपणे गाळलंत. पाच बँका, चार गृहकर्ज देणाऱ्या कंपन्या आणि दोन विमा कंपन्या असतील तर ते अकरा शेअर नाहीत, व्याजदरावर अकरा वेळा लावलेली एकच पैज आहे, असं त्याच लेखात लिहिलंय. आणि कोणताही शेअर घेताना 5 टक्क्यांहून जास्त पैसे घालू नका, पुढे तो वाढून 10 च्या वर गेला तर बसून विचार करा, असंही लिहिलंय. शेअर मोजण्यापेक्षा हिस्से मोजणं महत्त्वाचं. पंचवीस नावं असून एकाच नावात 60 टक्के असणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना विचारलं तर म्हणतात, आमचं सगळं विभागलेलं आहे.

केन्स यांचं नाव घेतलंत, त्याची गंमत वाटली. केम्ब्रिजच्या किंग्ज कॉलेजचा पैसा ते सांभाळत आणि मोजक्या कंपन्यांवर मोठी रक्कम लावत, हे खरं. पण ते तिथवर आले कसे? 1920 च्या दशकात अर्थचक्र ओळखून बाजारात आत-बाहेर करण्याचा त्यांचा उद्योग चालू होता आणि त्यात ते बाजाराच्या मागे पडले. मोजक्या शेअरांची पद्धत त्यानंतर आली. तीही गुळगुळीत नव्हती, 1937-38 मध्ये त्यांना पुन्हा जबर मार बसला. मुख्य म्हणजे तो पैसा एका जुन्या कॉलेजचा होता. त्या पैशाला म्हातारपण नव्हतं, आजारपण नव्हतं, पुढच्या वर्षी नोकरी राहील की नाही ही धास्ती नव्हती. आपल्या पैशाला ही सगळी दुखणी असतात. केन्स यांच्यासारखी निवड करायची तर केन्स यांच्यासारखं थांबताही आलं पाहिजे, आणि थांबणं हे स्वभावापेक्षा गरजेवर जास्त अवलंबून असतं.

उरलेले मुद्दे भरभर घेतो, कारण उत्तर आधीच लांबलंय.

मुद्दल काढून घेण्याबद्दल: शेअरला माझी खरेदी किंमत ठाऊक नसते हे मलाही कळतं, किंबहुना हेच वाक्य मी इथे पूर्वी लिहिलेलं आहे, जुने लेख चाळा. पण माणसाला ती ठाऊक असते. वाढलेला शेअर माणूस लवकर विकतो आणि पडलेला कवटाळून बसतो, हे शेफ्रिन आणि स्टॅटमन यांनी 1985 मध्ये मांडून ठेवलंय. मुद्दल निघाली की माणूस निदान उरलेला निम्मा शांतपणे ठेवतो. या नियमाने वाढणारा शेअर अर्धा हातचा जातो, असं म्हणता येईल. येईल. त्यावर वाद घालायला मी तयार आहे, पण ‘पोरकट’ या शब्दाशी वाद घालता येत नाही.

इंडेक्स फंड: तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. ज्याला वाचायला वेळ नाही त्याने तोच घ्यावा, हे मी कधीही नाकारलेलं नाही. ज्याला वाचायला आवडतं त्याच्यासाठी मी लिहितो.

‘नवे लोक बिघडतात’: बार्बर आणि ओडीन यांनी 1991 ते 1996 या काळातली अमेरिकेतल्या 66,465 घरांची खाती तपासली. सर्वांत जास्त खरेदी-विक्री करणाऱ्यांना वर्षाला 11.4 टक्के मिळाले, तेव्हा बाजाराने 17.9 दिले. नवे लोक बिघडतात ते असे. माझ्या कोणत्या लेखात रोज उलाढाल करा असं लिहिलंय, ते दाखवा. दाखवाच.

राहता राहिला माझा परतावा. हा प्रश्न म्हणजे ओळखदेख नसताना कोणाचा पगार विचारणं आहे, आणि खरं तर मी इथेच थांबायला हवं. तरी सांगतो. तुलना करायची तर पैसे घातल्या-काढल्याच्या तारखा धरून वार्षिक परताव्याचा दर, म्हणजे एक्सआयआरआर, काढावा लागतो, आणि समोर निर्देशांकही लाभांशासह घ्यावा लागतो; नुसता भाव पाहून छाती फुगवण्यात अर्थ नाही. माझ्याकडे 2013 पासूनचा असा हिशोब आहे. त्याआधीच्या नोंदी घर बदलताना गहाळ झाल्या. काही वर्षं मी पुढे आहे, काही वर्षं मागे. सगळी मिळून काय, हे कुठून मोजायला सुरुवात करता यावर ठरतं, आणि हाताशी ठेवलेली रोख धरायची की नाही यावरही. रोख धरली की आकडा बदलतो. मला रात्री झोप लागते, हे कोणत्याही निर्देशांकात मोजलेलं नसतं. आपला आकडा काय आहे, तो आपणही लिहिला नाहीत, हे नम्रपणे नोंदवतो.

पुन्हा फिरकणार नाही, असं म्हणालात. तो आपला प्रश्न. प्रतिक्रिया मी काढलेली नाही, ‘पोरकट’सकट आहे तिथेच आहे. लेखात 60 चे 67 केले आहेत आणि ‘एका वाचकाने लक्षात आणून दिल्यावरून’ अशी टीपही खाली घातली आहे. नाव कळवलंत तर तिथे नाव घालीन.