चौकशीसाठी आजीला बोलावलंय

गुप्तहेराच्या अंगी बाकी काही नसलं तरी चालतं, पण पोटात गोष्ट राहावी लागते. आमचा चिकू सव्वातीन वर्षांचा आहे. त्याच्या पोटात वरणभात जेमतेम राहतो, तिथे गोष्ट कुठून राहणार? तरीसुद्धा गेले कित्येक दिवस आमच्या इंदूरमधल्या लोकमान्यनगरच्या घरात तपास चालू आहे, चिकू तपासपथकात आहे आणि संशयितांत माझं नाव पहिलं आहे.

याचं मूळ सूनबाईच्या मोबाईलमध्ये. तिने कुठूनसं एक कार्टून शोधून काढलं. "आई, यात मारामारी नाहीये हो. हलकंसं गूढ असतं. मुलं प्रॉब्लेम सॉल्व्हिंग शिकतात, टीमवर्क शिकतात." मी इंदूरच्याच एका बालमंदिरात केस पिकेपर्यंत शिकवलंय. पाऊणशे चपला दारात आणि वर्गात एकाच्याही पायात स्वतःची चप्पल नाही, असली गूढं मी रोज साडेअकराला सोडवायची. पण सूनबाईचा उत्साह होता, म्हटलं बघू या.

तर ते कार्टून. एक गाव आहे. गावात ससा, खार, कासव आणि चष्मा लावलेली घुबडीण. रोज काहीतरी हरवतं. कधी सशाची टोपी, कधी बदकीणबाईंचा केक. मग हे चौघं मिळून पाऊलखुणा बघतात, एकमेकांना "तुझं काय मत?" असं विचारतात (आमच्या घरात हा प्रश्न कोणी कोणाला विचारल्याचं मला आठवत नाही) आणि शेवटी कळतं की चोरी झालेलीच नाही. टोपी वाऱ्याने नेली होती. केक बदकीणबाईंनीच खिडकीत ठेवला होता आणि विसरल्या होत्या. इतकी वर्षं हे गाव वसलंय, पण त्यात एक चोर नाही. आमच्याकडे लग्नात नवी चप्पल गेली, तर ती वाऱ्याने नेली असं म्हणण्याइतका चांगुलपणा अजून कोणाला दाखवता आलेला नाही.

माझा मुलगा लहान असताना हे असं नव्हतं. तेव्हा नव्वदीत कार्टून नेटवर्कवर स्कूबी-डू लागायचं. अमेरिकेत ते 1969 सालापासूनचं. त्यात भूत यायचं, पोरं पळायची, कुत्रा त्यांच्याही पुढे पळायचा आणि शेवटी भुताचा मुखवटा ओढला की आतून कोणाच्या तरी जागेवर डोळा ठेवून बसलेला एखादा गृहस्थ निघायचा. भूत नसतं, जमिनीचे दलाल असतात, हे ज्ञान मुलाला सहाव्या वर्षीच मिळालं. पुढे प्लॉट घेताना ते फार उपयोगी पडलं.

आताच्या या सौम्य गूढांचा खरा छळ त्या गूढात नसतो, तो गप्प बसण्यात असतो. घुबडीणबाई मध्येच आपल्याकडे वळतात. "बच्चों, क्या आपको टोपी दिखी?" आणि थांबतात. चष्म्यातून टक लावून बघत राहतात. टोपी मागच्या झाडावर ढळढळीत दिसत असते. मुलांनी विचार करून बोट दाखवावं, यासाठी ती वेळ असते. पण मोठ्या माणसाला ती शांतता सोसवत नाही. आमच्या यांना तर मुळीच नाही. आरामखुर्चीतून ओरडतात, "अगं बाई, मागे बघ, झाडावर!" की चिकू कमरेवर हात ठेवून उभा राहतो, "आबा, तू चुप बस ना!" सरकारी खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला इतक्या स्पष्ट शब्दांत कोणी कधी सांगितलं नव्हतं.

आणि हे सगळं रोज तेच! तीच टोपी, तेच झाड. मी कुरकुरले, तर सूनबाईने लगेच मला वाचायला पाठवलं. 1996 साली अमेरिकेत 'ब्लूज क्लूज' नावाची मालिका सुरू झाली. त्यात एक निळी कुत्री तीन वस्तूंवर पंजाचे ठसे सोडते आणि एक तरुण ते वहीत टिपून, विचार करायच्या खास खुर्चीत बसून कोडं सोडवतो. प्रश्न विचारून गप्प बसायची युक्ती त्यांनी मुलांचा अभ्यास करून ठरवली होती. पुढचं ऐका. एकच भाग ते सोमवार ते शुक्रवार, पाचही दिवस दाखवायचे! कारण या वयात उत्तर माहीत झालं म्हणून मजा संपत नाही, उलट तिथून सुरू होते. पहिल्या दिवशी मूल नुसतं बघतं, शेवटी शेवटी टीव्हीवर ओरडतं. आम्ही बालमंदिरात म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट आठवडाभर सांगायचो, तेव्हा मुख्याध्यापिका म्हणायच्या, तयारी करून येत जा.

पण टीव्ही किती वेळ? दोन ते चार वर्षांच्या मुलांनी स्क्रीनसमोर दिवसाला एक तासापेक्षा जास्त बसू नये, त्याहून कमी असेल तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितलंय. सूनबाईने ते फ्रिजवर चिकटवलंय. तास संपतो, आणि दिवस? त्या रविवारी धो धो पाऊस. मुलीने आपली मिनू आणून सोडलेली, ती पाच वर्षांची. शेजारचा गोलू आलेला, तो साडेचारचा. त्याच्यामागून त्याची दीड वर्षांची बहीण छुटकी, जी कोणी न बोलावता सगळीकडे असते. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी 1920 साली भावनगरला बालमंदिर काढलं, ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या. दोघांचं सांगणं एकच, मुलांना हाताने करू द्या. म्हटलं, चला, घरातच गूढ तयार करू.

मी लाटणं लपवलं. गादीखाली. स्वयंपाकघरापासून कणकेची पाऊलं काढली, झोपाळ्यावर एक चिठ्ठी ठेवली, तिच्यावर लाटण्याचं चित्र. सगळं झाल्यावर मागे वळून बघते तो चिकू उभा. "कोणाला सांगायचं नाही हं," मी म्हटलं. त्याने शहाण्यासारखी मान हलवली, बाहेर गेला आणि जाहीर केलं, "लाटणं गादीखाली आहे!"

दुसऱ्यांदा त्याला यांच्या मांडीवर अडकवून लाटणं धुण्याच्या बादलीत लपवलं. तपास सुरू झाला. चौघंही थेट गादीखाली घुसले. मघाशी तिथेच सापडलं होतं ना! मी म्हटलं, वाटून घ्या, एकाने इकडे बघा, एकाने तिकडे. तर आधी पदांची वाटणी. गोलू म्हणाला, "भिया, मैं तो इंस्पेक्टर हूँ." मिनू म्हणाली, मीपण इन्स्पेक्टर. चिकूपण इन्स्पेक्टर. छुटकीला बोलता येत नाही, पण तिचा रुबाब त्याहून वरच्या हुद्द्याचा. पथकात सगळे इन्स्पेक्टर आणि शिपाई एकही नाही, हे त्यांना कार्टूनमधून मिळालेलं नाही. हे त्यांनी एखाद्या वधूवर मेळाव्याच्या कार्यकारिणीत पाहिलं असणार.

मिल्ड्रेड पार्टेन नावाच्या बाईंनी लहान मुलं कशी खेळतात त्याचे प्रकार 1932 साली मांडले होते. आम्हाला प्रशिक्षणात ते होतं. मूल आधी एकटं खेळतं, मग दुसऱ्यांकडे बघत बसतं, मग शेजारी बसून आपापलं खेळतं. खरोखर मिळून, कामं वाटून घेऊन खेळणं सगळ्यात शेवटी येतं. माझ्या डोळ्यांसमोर पार्टेनबाईंचं सगळं पुस्तक एकाच खोलीत उघडलं होतं. मिनू कपाट तपासत होती, गोलू खिडकीतून पावसाला अटक करत होता, चिकू त्या दोघांकडे बघत उभा होता आणि छुटकी कणकेच्या पाऊलखुणांवर बसून त्या खात होती. पुढच्या खुणा तिने स्वतःच सोडल्या, सोफ्यापर्यंत.

एवढ्यात मिनूला चिठ्ठी सापडली. तिने ती उलटसुलट बघितली आणि निमूटपणे सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. ही इंदूरची पोरं! 2017 साली शहराचा स्वच्छतेत देशात पहिला नंबर आला, तेव्हापासून इथे मूल अआइई नंतर शिकतं, ओला कचरा-सुका कचरा आधी शिकतं. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली की चिकू तोंडातला पोह्यांचा घास तसाच ठेवून दारात पळतो. पुरावा म्हणजे काय ते नंतर, आधी त्याचं वर्गीकरण.

मी चिठ्ठी काढायला डबा उपसला, तर खाली एक कागद. वर्तमानपत्राचा, तेलकट आणि चिकट. वास घेतला. जिलबी!

आता आमच्या घरातला जिलबीचा इतिहास सांगायला हवा. यांना साखर आहे, आणि डॉक्टरांनी जिलबी पूर्ण बंद केलीय. इंदूरच्या माणसाला सकाळी पोह्यांबरोबर जिलबी बंद, म्हणजे नुसते पोहे, वर शेव आणि जीरावन मसाला भुरभुरून. हे बिचारे ते सोसताहेत असं मी सगळ्या नातेवाइकांना कौतुकाने सांगत होते. फिरायला जातात, हातात दुधाची पिशवी घेऊन येतात, इतका साधा माणूस.

पथकाला कागद दाखवला. ताबडतोब चौकशी सुरू झाली आणि पहिल्यांदा मलाच बोलावण्यात आलं. का, तर कागद माझ्या हातात होता. आरामखुर्ची विचाराची खुर्ची ठरली होती. तिच्यात आधीपासून विचार करत असलेल्या गृहस्थांचं घोरणं जरा जास्तच नियमित होतं. मी उभी, गोलू पंख्याची काठी घेऊन समोर. "आजी, सच बोल." मी म्हटलं, मी गेल्या संक्रांतीपासून जिलबी खाल्लेली नाही. मिनू म्हणाली, "मला काय माहीत," आणि तिला कोणी काही विचारलंच नव्हतं.

तिथे माझी बालमंदिरातली विद्या जागी झाली. 1983 साली विमर आणि पेर्नर या दोन मानसशास्त्रज्ञांनी ऑस्ट्रियात एक गंमत केली होती. मुलांना गोष्ट सांगायची. एक मुलगा चॉकलेट कपाटात ठेवून खेळायला जातो. त्याची आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. मुलगा परत आला की कुठे शोधेल? जी मुलं चार वर्षांच्या आतली, त्यांतली बहुतेक सांगतात, दुसऱ्या कपाटात. आपल्याला माहीत आहे म्हणजे ते सगळ्या जगाला माहीत आहे, असा त्यांचा हिशेब. चौथ्या-पाचव्या वर्षात हळूहळू उमगतं की दुसऱ्याच्या डोक्यात वेगळंच काही असू शकतं. आणि हे उमगलं की मूल उत्तम प्रकारे खोटं बोलू लागतं.

मी चिकूला मांडीवर घेतलं. "एक गोष्ट सांगते. आबांनी खाऊ डब्यात ठेवला. मग आजी देवळात गेली. मग आबांनी तो खाऊ दुसरीकडेच ठेवला. आता आजी आली. आजी कुठे शोधेल?"

"पुस्तकांच्या मागे," चिकू म्हणाला.

मी पुस्तकांचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

आरामखुर्चीतलं घोरणं एकदम थांबलं. जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यामागे हात घातला, तर एक पुडी निघाली आणि तिच्यात दीड जिलबी. मग एकेक धागा सुटत गेला. मिनूच्या हनुवटीवर पाक होता. गोलूने आधीच कबूल केलं की त्याची ड्यूटी दारात होती. आजी स्वयंपाकघरातून निघाली की त्याने मोठ्याने कचरागाडीचं गाणं म्हणायचं. त्या गाण्यामुळे मी रोज डबा घेऊन अंगणात का धावत होते, त्याचाही उलगडा झाला. पुडी दुधाच्या पिशवीखालून आत येई. मिनू ती अंकांमागे सरकवी, कारण तिची उंची नेमकी त्या कप्प्याएवढी आहे. वाटा ठरलेला, भांडण नाही, आवाज नाही. छुटकीला चूर मिळायचा. मी तासभर घसा फोडून जे कामाचं वाटप शिकवत होते, ते आबांनी त्यांच्याकडून कधीच करून घेतलं होतं. प्रॉब्लेम सॉल्व्हिंगही झालं होतं, फक्त त्यातला प्रॉब्लेम मी होते.

"हे काय आहे?" मी पुडी यांच्या नाकासमोर धरली.

यांनी चष्मा लावून नीट निरखून बघितलं. "वाऱ्याने आणली असेल," म्हणाले.

सूनबाई संध्याकाळी आली, तिला सगळं सांगितलं. ती जिलबीचं ऐकून रागावेल असं वाटलं होतं. तर ती म्हणते, "आई, म्हणजे मिनू आणि गोलूने मिळून प्लॅन केला? किती छान!" शिकलेल्या माणसांचं हे असं असतं. मुलांनी घर जाळलं तरी आधी त्यांनी काडी नीट पेटवली का ते बघतील.

जिलबी बंद झाली असं कोणी समजू नये. जागा बदलतात. पण मी आता उलटतपासणीच्या भानगडीत पडत नाही. सकाळी चिकूला शेजारी बसवते, ती डब्यातल्या खाऊची गोष्ट सांगते आणि घुबडीणबाईंसारखी गप्प बसते. त्याला ती गोष्ट रोज नवी वाटते. काल उत्तर आलं, "मोटारीच्या खोक्यात." गेले, पाण्याच्या मोटारीचं खोकं उघडलं, पुडी घेऊन आले. बातमी फुटते कुठून, ते मिनूला अजून कळलेलं नाही. तिचा संशय गोलूवर आहे आणि त्याची सध्या विचाराच्या खुर्चीत बसवून चौकशी चालू आहे. यांना मात्र बरोबर कळलंय. परवा बघितलं, कालनिर्णयवर चिकूला चार वर्षं पूर्ण होतात त्या तारखेभोवती यांनी लाल पेनाने गोल केलाय.